अवर्षणाच्या मुलखातील सागर : उजनी, एकरुख आणि होटगीचे पाणी

समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांना 'सागर' या शब्दाचे आकर्षण अधिक असावे. दख्खनच्या पठारावर जिथे जिथे मोठे पाणी अडवले गेले, तिथे तिथे त्याला सागर म्हणण्याची रीत दिसते. सोळाव्या शतकात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत हुसेनसागर झाला. विसाव्या शतकात कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर आणि भीमेवरील उजनीचा यशवंतसागर झाला. होटगीपासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. या गावातील आणि भोवतालच्या दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतील पुष्कळ माणसांना 'सागर' म्हटल्यावर प्रथम आठवते ती उजनीच. नाव देण्यात थोडी अतिशयोक्ती असते हे खरे. तरीही या नावामागे भूगोलाचे एक सत्य दडलेले आहे, असे आम्हांस वाटते, आणि ते तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूगोलाच्या पुस्तकांत भूवेष्टित समुद्र म्हणून ज्यांची गणना होते, त्यांत कॅस्पियन आणि अरल ही दोन नावे ठळक आहेत. कॅस्पियनचे क्षेत्रफळ सुमारे ३,७०,००० चौरस किलोमीटर. त्याचा पृष्ठभाग महासागरांच्या पातळीहून सुमारे २८ मीटर खाली आहे. अरल १९६० च्या सुमारास सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा होता. उजनीचा जलाशय पूर्ण भरला तरी तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. आकाराची तुलना येथेच संपते. शिवाय भूवेष्टित समुद्रातून नदी बाहेर पडत नाही. उजनीतून मात्र भीमा पुढे पंढरपूरला जाते, तिथे चंद्रभागा म्हणवते आणि अखेर रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते.

मात्र आकार आणि वाट बाजूस ठेवल्या, तर एक साम्य उरते आणि ते मूलभूत आहे. कॅस्पियनला पाणी पुरवणारी व्होल्गा दूर उत्तरेच्या ओल्या प्रदेशात उगम पावते आणि कोरड्या प्रदेशात येऊन विसावते. अमूदर्या आणि सिरदर्या या नद्या पामीर व तिएन शान या पर्वतांतील बर्फाचे पाणी घेऊन वाळवंटातील अरलला मिळत. दुसऱ्याच्या आभाळातून पडलेले पाणी कोरड्या भूमीवर येऊन साचणे, ही या समुद्रांची खरी खूण. उजनीचेही तसेच आहे. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १४,८५० चौरस किलोमीटर असून त्याचा मोठा भाग पुणे जिल्ह्यात येतो. भीमा, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, घोड, कुकडी या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस घेऊन पूर्वेस येतात. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट पडतो. माढा तालुक्यातील उजनी गावापाशी जो सागर उभा राहतो, तो माढ्याच्या पावसाचा नसतोच.

या सागराचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या उथळपणात आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातील सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा आणि सुमारे ६३.५ टीएमसी मृतसाठा. निम्म्याहून अधिक पाणी 'मृत' का, याचे उत्तर जमिनीच्या उंचसखलपणात आहे. कालव्यांना सोलापूरच्या पठारावरील जमिनीपर्यंत उताराने पोहोचायचे, तर त्यांनी वरच्या पातळीवरूनच निघायला हवे. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि उपयुक्त साठा जिथे संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे ज्या पाण्यावर जिल्ह्याची शेती, कारखाने आणि राजकारण उभे आहे, ते सारे पाणी वरच्या सहा मीटरांपेक्षाही कमी जाडीच्या थरात आहे. भिगवण, पळसदेव, कुगाव या परिसरांत हा थर मैलोगणती पसरतो. पसरट पाण्यावर उन्हाची सत्ता अधिक चालते. वैशाखात कालव्याचे दरवाजे बंद असले तरी सागर रोज थोडा थोडा आभाळात जात असतो.

हा सागर येण्यापूर्वी या भागाचे पाणी कोठे होते? इतिहासात मागे गेल्यास पहिले उत्तर जमिनीतच सापडते. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन उत्तरा-हस्ताचा पाऊस पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी वाढते. पेरणीनंतर पावसाचा थेंब न पडताही मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कणसे भरतात. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेला मालदांडी हा वाण याच ओलीसाठी सिद्ध झालेला. पंधराव्या शतकात बिदरच्या सुलतानाची मंगळवेढ्यातील कोठारे दामाजीपंतांनी दुष्काळात रयतेला खुली केली, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्कार वेगळा ठेवला, तरी कालवा नसलेल्या गावी राज्याचे धान्याचे कोठार होते, ही गोष्ट त्या जमिनीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. न दिसणारे, पसरट, हात-दोन हात खोल असे पाणी या मुलखाने शतकानुशतके वापरले. त्याला कोणी सागर म्हटले नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हते.

दिसणारे पाणी साठवण्याची परंपराही जुनी आहे. बाराव्या शतकात सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथे शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला. कन्नड वचनकारांत ज्यांचे स्थान मोठे आहे, त्या या सत्पुरुषाचे नाव गावाने आजवर जपले ते भक्तीमुळे तसेच या पाण्यामुळे. तलाव खणणे हे धर्मकार्य मानले गेले, त्यात श्रम सामुदायिक होते आणि पाणी गावाच्या शिवारात पडलेल्या पावसाचे होते. पाऊस कमी झाला तर तलावाचे काठ उघडे पडत आणि सर्वांना ते दिसत. पाण्याचा जमाखर्च सांगायला वेगळी कचेरी लागत नसे.

इंग्रजी अमलात या परंपरेला वेगळे वळण लागले. सोलापूरच्या उत्तरेस आदिला नदीवर १८६६ ते १८७१ या काळात एकरुखचा तलाव बांधला गेला. हिप्परग्याचा तलाव म्हणून लोक त्याला ओळखतात. सव्वा मैलाहून लांब मातीचा बांध, त्यातून निघणारे कालवे आणि भोवताली भिजणारी जमीन, असा हा त्या काळातील मुंबई इलाख्यातील मोठा उद्योग होता. पुढे शहराच्या पिण्याच्या पाण्याचा भारही त्याने उचलला. त्याचे गणित मात्र आदिलेच्या छोट्या पाणलोटावर अवलंबून होते. ज्या आभाळाने शेत कोरडे ठेवले, तेच आभाळ तलावही कोरडा ठेवत असे. त्यामुळे तलाव काठोकाठ भरण्याचे प्रसंग विरळच आले, आणि ज्या वर्षी पाण्याची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी त्यात पाणी सर्वांत कमी, हा पेच सुटला नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळाने हा पेच उघडा केला. सोलापूर जिल्हा त्यात भरडून निघाला. त्या काळात माढा तालुक्यातील आष्टी तलावासारखी कामे दुष्काळी कामे म्हणून निघाली. उपाशी माणसांनी मजुरीसाठी माती वाहिली आणि त्या मातीचा बांध झाला. याच दुष्काळाच्या धड्यातून दुसरा उपाय पुढे आला तो रेल्वेचा, आणि येथे होटगीचा इतिहासात प्रवेश होतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाली. दुष्काळानंतर सदर्न मराठा रेल्वेने होटगी ते गदग हा मीटरगेज मार्ग टाकला. तो १८८४ मध्ये सुरू झाला. विजापूरच्या कोरड्या प्रदेशात धान्य पोहोचावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. होटगी जंक्शन झाले ते दुष्काळामुळे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. रुंद रुळावरून आलेले पोते येथे उतरायचे आणि अरुंद रुळावरच्या डब्यात चढायचे. पाणी नेता येत नाही तर धान्य न्यावे, असा तो विचार होता. शंभर वर्षांनी पाणीही नेता येऊ लागले.

उजनी धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये झाली आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. यशवंतराव चव्हाणांचे नाव जलाशयाला मिळाले. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली आणि त्यांच्या नावांचीच नवी गावठाणे वरच्या अंगाला वसली. पळसदेवचे जुने मंदिर पाण्यात गेले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरते त्या उन्हाळ्यात ते वर येते आणि लोक दर्शनाला जातात. दुष्काळाच्या वर्षी देव भेटतो, अशी ही विचित्र स्थिती आहे. सोलापूरला आणि पुढे होटगीला ज्या लोहमार्गाने जगाशी जोडले, त्याचा भिगवण-डिकसळ भागातील जुना टप्पाही या पाण्यात गेला आणि रेल्वेला नवी वाट धरावी लागली. डिकसळचा जुना रेल्वे पूल नंतर अनेक वर्षे इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांमधील रस्त्याच्या वाहतुकीस उपयोगी पडला. एका दुष्काळी उपायावरून दुसरा उपाय असा अक्षरशः वाहून गेला.

नव्या सागराने नवे जीवनही निर्माण केले. नदीकाठी मासेमारी करणाऱ्या भोई समाजाला पसरट पाण्याचे तंत्र शिकावे लागले. भिगवणचा मासळी बाजार उभा राहिला आणि चिलापी हा परका मासा महामार्गावरील खानावळींची ओळख झाला. उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले. पाण्याने तुटलेल्या गावांना होड्यांनी जोडले. समुद्रकाठच्या माणसाला जे ठाऊक असते, ते करमाळ्याकडच्या शेतकऱ्याला माहीत करून घ्यावे लागले : वारा पाहायचा, लाट पाहायची. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा मृत्यू झाला.

त्या तारखेपाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. २०२३ चा पावसाळा तोकडा गेल्याने उजनी पूर्ण भरली नव्हती. २०२४ च्या आरंभीच उपयुक्त साठा संपला आणि पातळी 'मायनस'मध्ये गेली. मे महिन्यात सरकारी तक्त्यातील टक्केवारी शून्याच्या पुष्कळ खाली होती; जूनच्या आरंभी ती उणे साठच्या जवळ आली. हिशेबाच्या भाषेत धरणात पाणी नव्हते. त्या नसलेल्या पाण्यात सहा माणसे बुडाली. सोलापूरकरांना 'उजनी मायनस' हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यांचा अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. उणे साठ टक्के म्हणजे मृतसाठ्यातूनही सुमारे ३२ टीएमसी पाणी गेलेले असते आणि तितकेच जवळपास उरलेले असते. ज्याला आपण मृत म्हणतो, ते पाणी आपण पितो, त्यात मासे धरतो, त्यातून प्रवास करतो. आकड्यांनी दृष्टीआड केलेले पाणी काठावरच्या माणसाच्या मात्र पायाशी असते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरली, तीही सह्याद्रीवरच्या पावसाने. येथेच या सागराचे ऐतिहासिक महत्त्व आहे, असे आमचे मत आहे. सिद्धरामेश्वरांचा तलाव काय, एकरुख काय किंवा काळ्या रानातील ओल काय, सर्वांत स्थानिक आभाळ आणि स्थानिक पाणी यांचे नाते अतूट होते. उजनीने ते नाते तोडले. आता सोलापुरात पाऊस नसतानाही धरण भरते आणि सोलापुरात चांगला पाऊस होऊनही धरण रिकामे राहू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडील माणूस आभाळाकडे कमी आणि 'दौंडचा विसर्ग किती' या बातमीकडे अधिक पाहतो. दौंडजवळून भीमेत किती क्युसेक पाणी येते, यावर त्याच्या उसाचे भवितव्य ठरते. एकरुखचा पेच यातून सुटला, हे मान्य केले पाहिजे. दुष्काळी वर्षी परक्या पावसाचा आधार मिळाला. या आधाराने हजारो कुटुंबे तगली. त्याची किंमत मात्र वेगळ्या प्रकारे द्यावी लागली.

पहिली किंमत अवलंबित्वाची. सागर जितका दूरच्या पावसावर उभा, तितका तो वरच्या अंगाच्या माणसांच्या इच्छेवर उभा. भीमेच्या खोऱ्यात उजनीच्या वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, डिंभे, घोड अशी धरणांची मालिका आहे. ती भरल्यावर उरलेले पाणी खाली येते. मुळेवरील मुळशीचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरवले जाते. ज्या मुळशीसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेथे पडणारा पाऊस आमच्या सागराऐवजी अरबी समुद्राला मिळतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मात्र नदीबरोबर उजनीत येते. २०२१ मध्ये उजनीतील पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या योजनांना देण्याचा आदेश निघाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि आदेश मागे घ्यावा लागला. ज्यांची गावे बुडाली त्या तालुक्याची तहान आणि ज्यांच्यासाठी धरण झाले त्या तालुक्यांची तहान समोरासमोर उभी राहिली. दोन्ही खऱ्या होत्या, म्हणूनच तो वाद कटू झाला.

दुसरी किंमत विस्मरणाची. सागर भरलेला दिसला की तो अपार वाटतो. जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होऊ लागली. एका हंगामाच्या ओलीवर येणाऱ्या ज्वारीच्या रानात वर्षभर पाणी मागणारे पीक उभे राहिले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. ज्वारीला जो भाव मिळतो आणि उसाला जी हमी मिळते, त्यांतील अंतर पाहिले तर त्याचा निर्णय समजतो. येथे अरलची आठवण येणे अपरिहार्य आहे. सोव्हिएत काळात अमूदर्या आणि सिरदर्या यांचे पाणी कापसासाठी वळवले गेले, कापूस पिकला, कारखाने चालले आणि समुद्र आटत गेला. २०१४ मध्ये त्याचा पूर्वेकडील भाग पूर्णपणे कोरडा पडल्याचे उपग्रहचित्रांनी दाखवले. उत्तरेकडील लहान भाग २००५ मध्ये बांध घालून वाचवावा लागला. अरल निसर्गाने दिलेला होता आणि पिकाने तो आटवला. उजनी माणसाने पिकासाठीच निर्माण केली. फरक मोठा आहे. तरीही पिकाची भूक समुद्राहून मोठी होऊ शकते, ही अरलची साक्ष आमच्या उपयोगाची आहे.

आता होटगीकडे वळू. या सागराचे पाणी आमच्या परिसरात तीन वाटांनी येते. पहिली वाट नदीची : सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेत पाणी सोडले जाते, ते शेकडो वळणे घेत दक्षिण सोलापुरातील औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत पोहोचते आणि टाकळीहून उपसले जाते. शहर जेवढे पिते, त्याच्या कित्येक पट पाणी या प्रवासात नदीच्या पात्राला आणि काठच्या मोटारींना द्यावे लागते. दुसरी वाट नळाची : फताटेवाडीजवळील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासाठी शंभर किलोमीटरहून लांबून बंद नळाने उजनीचे पाणी आणले गेले. होटगीच्या शिवाराजवळून सागर जमिनीखालून जातो आणि वाफ होऊन आभाळात मिसळतो. तिसरी वाट उपशाची : उजनीचे पाणी उचलून एकरुखच्या तलावात आणि तेथून अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे नेण्याची योजना. १८७१ चा जो तलाव स्वतःच्या पावसाची वाट पाहत कोरडा राहत असे, तो आता परक्या पावसाचा टप्पा झाला आहे. एकरुखला जे साधले नाही ते उजनीने साधले, आणि एकरुखला पोटात घेतले.

होटगीचा स्वतःचा तलाव आजही आहे. तो सागर नव्हे; आपल्याच ओढ्यांच्या पाण्यावर तो भरतो-आटतो आणि हिवाळ्यात तेथेही पाहुणे पक्षी येतात. अशा तलावांचे महत्त्व त्यांच्या साठ्यावरून मोजले तर ते नगण्य ठरेल. त्यांच्यामुळे गावाला स्वतःच्या पावसाची ओळख राहते, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. यंदा आपल्या शिवारात किती पडला, त्यातला किती मुरला, किती वाहून गेला, हे प्रश्न ज्या गावात विचारले जातात, ते गाव सागराचे पाणीही जपून मागेल.

उजनी नसती तर सोलापूर जिल्ह्याचे काय झाले असते, हा प्रश्न विचारणाऱ्यांशी आमचा वाद नाही. जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातील ती सर्वांत मोठी घटना आहे. मागणी इतकीच की या सागराला आपण त्याच्या खऱ्या भूगोलासह ओळखावे : तो सहा मीटर जाडीचा आहे, त्याचा पाऊस परका आहे आणि त्याच्या तळाशी गावे आहेत. भूमीच्या पोटातील ओल, गावाचा तलाव आणि दूरचा सागर ही तिन्ही पाणी एकाच हिशेबाच्या वहीत आली, तर 'मायनस' या शब्दाची सवय मोडण्याची थोडी शक्यता आहे. ती वही शासनाने लिहावी हे योग्यच. पण तिचे पहिले पान गावाच्या शिवारापासून सुरू व्हावे लागेल.